मागील पानावरून पुढे

गणितातल्या साऱ्या चिन्हांमध्ये बरोबरच्या चिन्हावर माझा पहिल्यापासून जीव आहे. अधिक, उणे, गुणिले, भागिले ही चिन्हे नेहमी कसल्या तरी उलाढालीत गुंतलेली. कुणाचे घे, कुणाला दे, कुणाचे तुकडे कर. बरोबरच्या त्या दोन आडव्या रेघा मात्र गावच्या एखाद्या वृद्ध पंचासारख्या मध्ये बसतात, डावीकडे पाहतात, उजवीकडे पाहतात आणि सांगतात, "दोन्हीकडे सारखेच आहे बरे का!" त्यांना स्वतःसाठी काही नको असते. गेली वीस-बावीस वर्षे एका तालुक्याच्या गावी, एका लहानशा खासगी शाळेत मी मुलांना मराठी आणि गणित शिकवीत आलो आहे. मधूनमधून कादंबऱ्याही लिहितो. पण कादंबरीत दोन माणसांचा हिशेब कधी बरोबर सुटत नाही. म्हणूनच असेल, गणिताच्या तासाला ते चिन्ह फळ्यावर काढताना हाताला बरे वाटते.

या माझ्या लाडक्या चिन्हाचा अपमान गेल्या मे महिन्यात माझ्या डोळ्यांदेखत झाला. माझी भाची पुण्याला संगणकाच्या कामात आहे. ती सुट्टीला आली होती. दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणत होते, घर सारे आडवे झालेले, आणि ही ओटीवर बसून मांडीवरच्या संगणकात काहीतरी लिहीत होती. मी सहज डोकावलो. तिथे एक ओळ होती. आपल्या अक्षरांत लिहायची तर ती अशी : क्ष = क्ष + १.

"अगं, हे कसं शक्य आहे?" मी म्हणालो. "कुठलीही संख्या स्वतःपेक्षा एकानं मोठी कशी असेल? माझ्या पाचवीतल्या पोरानं हे लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता."

ती हसली. "मामा, हे तुझं बरोबरचं चिन्ह नाहीच. ही आज्ञा आहे. क्ष नावाच्या जागेत जे असेल ते काढ, त्यात एक मिळव आणि परत तिथंच ठेव."

"मग आधी तिथं होतं त्याचं काय?"

"गेलं. पुसलं."

"म्हणजे पाटी!"

"पाटीच म्हण. बऱ्याचशा भाषांत असंच चालतं." माझा चेहरा पाहून तिला दया आली असावी. ती म्हणाली, "पण एक भाषा आहे, खास तुझ्यासारख्या माणसांसाठी. तिच्यात ही ओळ लिहिली तर ती चालूच देत नाही. तिचं नाव एर्लांग."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. संगणकाशी माझा संबंध मोबाइलपुरता. पण आपल्या बाजूने बोलणारे कुणी परदेशात आहे असे कळले की त्याची ओळख करून घ्यावीशी वाटतेच. ती सुट्टी संपेपर्यंत रोज दुपारच्या चहाबरोबर मी एर्लांगचे धडे घेतले. त्यातले मला जे उमगले तेवढेच इथे सांगतो. चकलीबरोबर चघळता येईल इतपत ते सोपे आहे, घाबरू नये.

या भाषेत एखादे नाव घेतले की ते आधी मोकळे असते. 'क्ष = ५' असे प्रथम म्हटले की ते नाव त्या पाचाशी बांधले जाते. बारशाला कानात नाव सांगावे तसेच. एकदा सांगितले की सांगितले. पुढे पुन्हा 'क्ष = ५' म्हटले तर भाषा डावीकडे पाहते, उजवीकडे पाहते, आणि दोन्हीकडे पाच आहेत म्हणून निमूट पुढे जाते. पण 'क्ष = ६' असे म्हणून पाहा! ती जागच्या जागी थांबते आणि स्पष्ट सांगते की, उजवीकडचे डावीकडच्याशी जुळत नाही. म्हणजे माझा तो जुना पंच इथे शाबूत आहे. तो कुणाची पाटी पुसत नाही. दोन बाजू जुळतात की नाही एवढेच पाहतो, आणि न जुळल्यास गप्प बसत नाही.

मला साहजिकच शंका आली. "एकदा बांधलेलं नाव सुटत नाही म्हणतेस. पण जगात तर सगळं बदलतं. शिल्लक कमी होते, पोरं मोठी होतात. त्याचं काय करायचं?"

भाची म्हणाली, "जुनं खोडायचं नाही, मामा. ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं आणि सुरू करताना नवा आकडा हातात द्यायचा. नव्या फेरीत तेच नाव पुन्हा मोकळं असतं. ते त्या नव्या आकड्याशी बांधलं जातं."

हे ऐकताच माझ्या तोंडून निघून गेले, "मागील पानावरून पुढे!"

वाण्याच्या घरात ज्यांचे बालपण गेले त्यांना हे शब्द समजावून सांगायला नकोत. पान भरले की तळाला बेरीज मांडायची, नव्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून पुढे' असे लिहायचे आणि तो आकडा तिथे उतरवायचा. जुन्या पानाला कुणी हात लावायचा नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवी वही पुजायची. पण जुनी वही काही बंबात जात नसे, ती कापडात बांधून माळ्यावर जाई. चूक झाली असेल तर तीही खोडायची नाही, उलटी नोंद करून दुरुस्त करायची. स्वीडनमधल्या काही माणसांनी हाच शहाणपणा यंत्राला शिकवला, याचे मला मोठे कौतुक वाटले.

स्वीडन अशासाठी म्हटले की, ही भाषा १९८६ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये, एरिक्सन या टेलिफोनच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्माला आली. जो आर्मस्ट्राँग नावाच्या गृहस्थाने तिचा ओनामा केला आणि लवकरच रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स हे दोघे त्याला येऊन मिळाले. १९९८ साली कंपनीने ती सर्वांना खुली केली. नाव मात्र शेजारच्या डेन्मार्कमधल्या एका गणितज्ञाचे. आग्नर क्रारुप एर्लांग, जन्म १८७८. त्याचे वडील खेड्यातले शाळामास्तर आणि तोही काही वर्षे शाळेत शिकवीत होता, हे वाचले तेव्हा माझी मान उगीचच ताठ झाली. १९०८ साली तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत गेला आणि तिथे त्याने एक साधा प्रश्न हाती घेतला : तारा इतक्या, माणसे इतकी, एकाच वेळी किती जण बोलू पाहतील आणि कितींना थांबावे लागेल? टेलिफोनवरच्या वर्दळीचे माप आजही त्याच्या नावाने मोजतात. 'एरिक्सनची भाषा' असाही त्या नावाचा अर्थ लागतो. पण मला मास्तरांचाच अर्थ पसंत आहे.

टेलिफोन केंद्राची गोष्ट आठवली की या भाषेचा पुढचा स्वभाव आपोआप कळतो. केंद्रात एकाच वेळी हजारो माणसे बोलत असतात. कुणी लग्न ठरवतो आहे, कुणी भांडतो आहे, कुणी नुसताच 'हॅलो, हॅलो' करतो आहे. एकाचे बोलणे मध्येच तुटले म्हणून साऱ्या गावाचे तुटून चालणार नाही, आणि दुरुस्तीसाठी केंद्र बंद ठेवूनही चालणार नाही. म्हणून या भाषेत एक मोठा कारभारी नसून असंख्य छोटे कारकून असतात. भाची त्यांना 'प्रोसेस' म्हणते. मी आपला कारकूनच म्हणतो. एका यंत्रात असे लाखो कारकून बसवता येतात. प्रत्येकाची वही स्वतंत्र. एकाने दुसऱ्याच्या वहीत डोकावायचेदेखील नाही, मग लिहिण्याची गोष्ट दूरच. काही सांगायचे असेल तर चिठ्ठी पाठवायची. चिठ्ठी पाठवण्याची खूण म्हणजे चक्क आपले उद्गारचिन्ह! ज्याला पाठवायची त्याचा पत्ता, मग उद्गारचिन्ह, मग मजकूर. चिठ्ठी त्याच्या टपालपेटीत जाऊन पडते. पाठवणारा उत्तरासाठी खोळंबून राहत नाही, आपल्या कामाला लागतो. उत्तर हवे असेल तर चिठ्ठीत स्वतःचा पत्ता घालायचा, एवढेच. घेणारा आपल्या सवडीने पेटी उघडतो आणि एका वेळी एकच चिठ्ठी हाती घेतो.

"पण एवढा उपद्व्याप कशाला?" मी विचारले. "सगळ्यांची मिळून एकच वही ठेवली तर काय बिघडेल?"

भाचीने वहीच्या मागच्या पानावर मला एक उदाहरण काढून दाखवले. त्यांच्याकडे ते प्रत्येकाला शिकवतात म्हणे. "समज, एका खात्यात पाच हजार आहेत आणि दोन माणसं त्यातून पैसे काढतात. पहिला आकडा वाचतो : पाच हजार. तो लिहिण्याआधीच दुसरा वाचतो : पाच हजार. दुसरा दोन हजार काढतो आणि तीन हजार शिल्लक लिहितो. मग पहिला आपले दीड हजार वजा करतो आणि त्याच जागी साडेतीन हजार लिहितो. झालं! दुसऱ्याचे दोन हजार कागदावरून नाहीसे. दोघांनीही नियम पाळला, दोघांनीही खरंच लिहिलं, आणि हिशेब खोटा."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आकडे तिने सहज सुचले म्हणून घेतले होते. आमच्या घरात तिच्या जन्माच्या आधी काय घडले ते तिला कुणी सांगितलेले नव्हते.

आमचे किराणा मालाचे दुकान होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि काका दोघे मिळून चालवीत. गल्ल्यावर खुंटीला एक दगडी पाटी टांगलेली असे. कुणी गल्ल्यातून रक्कम उचलली की तेवढी वजा करून शिल्लक पाटीवर लिहायची. रात्री ती वहीत उतरायची. दिवसाची विक्री निराळ्या डब्यात पडे. १९९० सालच्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो. सकाळी पाटीवर नेमके पाच हजार होते. त्या रात्री पाटीवर निघाले साडेतीन हजार आणि गल्ल्यात दीड हजार.

अण्णा म्हणाले, "मी दुपारी दोन हजार साखरवाल्याला दिले आणि माझ्या हाताने तीन हजार शिल्लक लिहिली. ती पुसली कुणी?"

काका म्हणाले, "मी ट्रकचे भाडे द्यायला पैसे उचलले तेव्हा पाटीवर पाच हजार होते. भाडे दीड हजार ठरले, तेवढे परत आल्यावर वजा केले. मग दोन हजार न लिहिता नेले कुणी?"

मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. दोघेही शपथेवर सांगत होते. अण्णांना दिसत होते की आपला आकडा पुसला गेला. काकांना दिसत होते की आपल्या नकळत रक्कम गेली. बेरीज-वजाबाकी दोघांनाही येत होती. रक्कम कुठे गेली हे पहाटेपर्यंत दोघांच्याही ध्यानात आले असेल. पण तोवर भांडण रकमेचे राहिलेच नव्हते. 'तू पुसलेस' आणि 'तू लपवलेस' हे दोन शब्द तोंडातून गेले होते. पाटी ओल्या फडक्याने पुसलेली. तिला विचारावे तर तिच्यापाशी शेवटच्या आकड्याखेरीज काही नव्हते. त्या वर्षी वहीपूजन झाले नाही. होळीच्या आत दुकानात मधोमध भिंत उभी राहिली. एका दुकानावर जी दोन घरे पोसली जात होती ती दोन अर्ध्या दुकानांवर पोसली जाईनात. १९९६ साली मी मॅट्रिक झालो आणि तिथेच थांबलो. अण्णा २०११ साली गेले. काका स्मशानापर्यंत आले. घरी आले नाहीत.

त्या दुपारी भाचीने काढलेल्या चार ओळी मी कितीतरी वेळ पाहत होतो. वाचले, वाचले, लिहिले, लिहिले. काकांनी वाचले आणि ते ट्रककडे गेले. मागाहून अण्णांनी वाचले. पाटीवर अजून पाच हजारच होते. त्यांनी तीन हजार लिहिले. दिवेलागणीला, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, काका परत आले आणि डोक्यातल्या पाच हजारांतून दीड हजार वजा करून त्यांनी पाटीवर फडके फिरवले. पुसले गेले हेही खरे, आणि लपवले काहीच नव्हते हेही खरे. आमच्या घरात कुणी चोर नव्हता. आकडा पुसू देणारी आणि पुसल्यावर गप्प बसणारी एक पाटी तेवढी होती.

एर्लांगच्या रीतीने ते दुकान चालले असते तर गल्ला एकाच कारकुनाकडे असता. अण्णांची चिठ्ठी गेली असती, "दोन हजार नेतो." काकांची गेली असती, "दीड हजार नेतो." कुणाची आधी पोचली आणि कुणाची नंतर, याने काही बिघडले नसते; कारकुनाने एकेक चिठ्ठी फोडली असती, एकेक पान उलटले असते, आणि मागील पानावरून पुढे येत येत शेवटी दीड हजार राहिले असते. आणि कुठे जुळले नसते तर तो तिथल्या तिथे ओरडला असता. एर्लांगवाल्यांचे एक धोरण मला फार आवडले : चूक झाली तर ती झाकून रेटत नेऊ नका, त्या कारकुनाला तिथेच कोसळू द्या. त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा असतो, तो नव्या दमाचा कारकून बसवून काम पुन्हा सुरू करतो. आर्मस्ट्राँगने २००३ साली स्टॉकहोममध्ये आपला प्रबंध सादर केला, तो याच विषयावर : माणसाने लिहिलेल्यात चुका राहणारच हे गृहीत धरून भरवशाची व्यवस्था कशी उभारावी. २०१९ साली तो वारला. माझ्या मते तो संगणकाचा जाणकार होताच, पण एकत्र कुटुंबाचाही झाला असता.

आता या भाषेत सारे गोडच आहे असे मात्र नाही. चिठ्ठी पोचेलच याची ती हमी देत नाही. पोचली तरी वाचणारा हयात असेलच असे नाही. दोन कारकून एकमेकांच्या चिठ्ठीची वाट पाहत बसले, तर दोघेही जन्मभर बसून राहू शकतात. पस्तीस वर्षे म्हणजे त्यांना काहीच नव्हे! म्हणून वाट पाहताना मुदत घालण्याची सोय तिच्यात आहे : इतका वेळ थांबेन, मग दुसरे काम धरीन.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, हे सारे स्वीडन-डेन्मार्कचे, आमचे काय? तर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मोबाइलवर पणत्यांची चित्रे आणि शुभेच्छा आपण ज्या व्हॉट्सॲपवरून पाठवतो, ते २००९ साली निघाले आणि त्याची निरोप पोचवणारी यंत्रे एर्लांगवरच उभी राहिली. २०१२ साली त्यांनी एकाच यंत्रावर एका वेळी २० लाखांवर माणसे जोडून दाखवली होती. म्हणजे तुमच्या आत्याबाईंचा 'शुभ दीपावली' निरोपही कुणातरी कारकुनाच्या टपालपेटीतून आलेला असतो.

पण काकांना मी व्हॉट्सॲपवर लिहिले नाही. त्यांचे वय ८२. ते मोबाइल वापरत नाहीत. जून महिन्यात, शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, मी त्यांना एक पत्र लिहिले. त्यात कुणाची बाजू घेतली नाही, की कुणाच्या वतीने माफी मागितली नाही. फक्त चार ओळी क्रमाने मांडल्या : तुम्ही वाचले, अण्णांनी वाचले, अण्णांनी लिहिले, तुम्ही लिहिले. खाली माझा पत्ता घातला. मुदत घातली नाही.

श्रावण गेला, गणपती आले आणि गेले. घटस्थापनेच्या दिवशी पोस्टमनने एक पोस्टकार्ड आणून दिले. अक्षर थरथरलेले, पण वाण्याचे, शब्द मोजके. "चि. यास आशीर्वाद. तुझे पत्र चार वेळा वाचले. असेच झाले असेल. मी भाड्याचे पैसे उचलले ते दादाला माहीत नव्हते, आणि त्याने उचलले ते मला. त्या रात्री दोघांपैकी एकाने जरी नीट विचारले असते तरी पुरे होते. आता दादा नाही. जे बोललो ते परत घेता येत नाही. लक्ष्मीपूजनाला ये. येताना नवी वही आण, इथे चांगली मिळत नाही."

वही मी आणून ठेवली आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, उभ्या घडीची, तशीच. पहिल्या पानाच्या डोक्यावर काय लिहायचे ते काकांना ठाऊक आहेच. ते मी त्यांनाच लिहायला सांगणार आहे.